दाण्याचं कोडं (२) : गूढ शब्दकोडी सोडवायची कशी आणि त्यात खोट काढायची कशी

शीर्षकातला कंसातला दोन चुकून आलेला नाही. तो एक क्लू आहे आणि त्याचं उत्तर दोन अक्षरी आहे. आत्ता नाही सुचलं तरी चालेल, शेवटी परत त्याच्याकडे येणार आहे, तोवर तुम्हाला तो सुटलेला असावा आणि वर त्यात काय खोट आहे तेही सापडलेलं असावं अशी माझी इच्छा.

साधं शब्दकोडं सगळ्यांनी सोडवलेलं असतं, 'भारताची राजधानी (२)', 'विष्णूचं वाहन (३)', माहीत असेल तर भरायचं, नसेल तर घरात ओरडून विचारायचं. गूढ कोड्यात, म्हणजे क्रिप्टिकमध्ये, माहिती फारशी लागतच नाही कारण उत्तर क्लूच्या आतच दिलेलं असतं आणि तेही दोनदा, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळाने. फक्त ते अशा वाक्यात गुंडाळलेलं असतं की तुमचं लक्ष भलतीकडे जावं. हा एक बघा:

जावा दळतात, पोटात तुफान (३)

पहिल्यांदा वाचलं की डोळ्यासमोर काय येतं? दोन जावा जात्यावर बसल्यात, वरून ओव्या चालल्यात आणि आतून एकमेकींवर जळतायत. हे चित्र म्हणजे सापळा आहे, क्लू बनवणाऱ्याने मुद्दाम लावलेला. आता जावा विसरा, जातं विसरा, फक्त अक्षरं बघा: जा, वा, द, ळ, ता, त. 'जावा दळतात' या दोन शब्दांच्या पोटात सलग काय बसलंय? वा, द, ळ. वादळ! आणि वादळ म्हणजे तुफान.

आता महत्त्वाची गोष्ट, हा सगळा लेख खरं तर एवढ्यासाठीच आहे. उत्तर मिळालं म्हणून पुढच्या क्लूकडे पळायचं नाही, आधी हिशोब लावायचा. 'जावा दळतात' हा कच्चा माल. 'पोटात' ही खूण, म्हणजे मालाचं काय करायचं ते सांगणारा शब्द, याला इंडिकेटर म्हणतात. 'तुफान' हा अर्थ, म्हणजे डेफिनिशन. तीन भाग झाले आणि एकही शब्द शिल्लक राहिला नाही. किराणावाल्याची यादी तपासताना आपण प्रत्येक ओळीवर टिक करत जातो ना, तसं. एखादा शब्द उरला तर दोनच शक्यता, एक तर तुमचं उत्तर चुकलंय किंवा क्लूच कच्चा आहे. पहिली शक्यता ओळखता आली की तुम्ही सोडवणारे झालात, दुसरी ओळखता आली की समीक्षक. दोन्ही कामांना कसब एकच लागतं, म्हणून मी ते वेगवेगळं शिकवत नाही.

सुरुवातीला अक्षराचा नियम

मराठीत एका चौकोनात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकाच चौकोनात. म्हणून 'दिल्ली' दोन अक्षरी. हे सोपं वाटतं पण इथेच नवीन माणूस पडतो, मी पडलेय. साखरेवर मी एक क्लू केला होता, 'पैसा खर्चून, पोटात कारखान्याचा माल (३)', आणि फार खुशीत एका मैत्रिणीला पाठवला. तिचं एका ओळीत उत्तर आलं, "र्चू फोडून र कसा काढलास?" बरोबर होतं तिचं. खर्चून मध्ये ख, र्चू, न अशी अक्षरं आहेत, सुटा र कुठेच नाही. मग 'खर्चून'चं 'खरचून' केलं, तसं आपण बोलतोच की, आणि क्लू उभा राहिला: पै-सा-ख-र-चू-न, मधे साखर. एका रफाराने अख्खा क्लू पडतो आणि एका रफाराने उभा राहतो, इतकं ते नाजूक काम आहे.

ह्रस्व-दीर्घाचंही तसंच. काही जण 'दिन' आणि 'दीन' एकच धरतात, मी धरत नाही. आडव्या शब्दाचं अक्षर उभ्या शब्दालाही लागणार असतं, तिथे एकाला ऱ्हस्व आणि दुसऱ्याला दीर्घ पाहिजे असेल तर चौकोनात लिहायचं काय?

सोडवायचं कसं

पहिली पायरी, क्लूचा सरळ अर्थ लावू नका. लागणारच, मन ऐकत नाही, पण लागला की बाजूला ठेवा. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह यांच्यावर विश्वास ठेवू नका, ती दिशाभूल करायलाच असतात.

दुसरी पायरी, डेफिनिशन शोधा. ती जवळजवळ कायम क्लूच्या अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी असते, मधे नसते. म्हणजे पहिला एक-दोन शब्द घेऊन बघा, तितक्या अक्षरांचा समानार्थी शब्द सुचतो का, नाहीतर शेवटचे एक-दोन घेऊन बघा. नुसत्या एवढ्या युक्तीवर कधीकधी अर्धं कोडं सुटतं.

तिसरी, खुणेचा शब्द. उरलेल्या भागात असा कुठला शब्द आहे की जो काहीतरी *करायला* सांगतोय? मोडलं, ढवळलं, विस्कटलं, नाचलं, फिरलं असं असेल तर बहुतेक अक्षरांची उलथापालथ. उलटा, परतला, मागे वळला, असं असेल तर शब्द उलटा वाचा. पोटात, आत, दडलेला, गिळला, कुशीत असेल तर काहीतरी कशाच्या तरी आत आहे. डोकं उडालं, शेपूट तुटलं, तोंड, सुरुवात, शेवट हे एखाद्या अक्षरापुरते असतात. ऐकलं, कानावर आलं, म्हणे, असं काही असेल तर उच्चार बघा. हे पाठ करत बसू नका, पाच-पंचवीस क्लू सोडवलेत की नाकाला वास यायला लागतो.

चौथी, हिशोब. वर सांगितला तोच.

आणि नाही सुटलं तर सोडून द्या, खरंच. चहा करा, परत या. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना उत्तर आपोआप टपकतं. का ते मला विचारू नका, पण टपकतं.

प्रकार एकेक करून

लपवलेला प्रकार वर झालाच. सगळ्यात सोपा तोच, सुरुवात तिथून करा.

उलटा: 'नका' उलट ऐकणारा अवयव (२). न-का उलटं केलं की का-न, कान म्हणजे ऐकणारा अवयव. "नको म्हटलं तरी उलटंच ऐकतो" अशी तक्रार वाटते वाक्य वाचून, प्रत्यक्षात 'उलट' ही खूण आहे. या प्रकाराचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही खरं तर, वाल्या कोळ्याच्या गोष्टीत 'मरा मरा' म्हणता म्हणता राम राम होतं ते हेच की. आणि लहानपणी 'च'ची भाषा बोललेली पोरं, ज्यांना घर म्हणायच्या ऐवजी चरघ म्हणायला एक सेकंद लागत नव्हता, ती या खेळात फार पटकन तयार होतात असा माझा अनुभव आहे.

उलथापालथ, म्हणजे अ‍ॅनाग्राम: बस तर, ढवळलंय पेय (४). दारात कोणीतरी आलंय, घरातली म्हणतेय बस तर, ढवळून आणलंय. कच्चा माल 'बस तर', चार अक्षरं ब, स, त, र. ती ढवळा. पेय हवंय. सरबत. माझा स्वतःचा आवडता आहे हा, कारण ढवळणं ही अक्षरांची खूणही आहे आणि सरबताची कृतीही.

मराठीत अ‍ॅनाग्राम इंग्रजीपेक्षा अवघड जमतो, कारण मात्रा अक्षराला चिकटून असते. 'नवरा'चा 'वानर' करायचा मोह फार होतो (आणि बायकांना जास्त होतो) पण तो होत नाही, काना र वरून व वर उचलून ठेवता येत नाही.

जोडणी: चिरंजीवांमागे वडा, दिवाळीतला पदार्थ (३). इथे थोडी टोपी बदलायला लागते, 'चिरंजीव' म्हणजे लग्नपत्रिकेतला 'चि.'. त्याच्या मागे वडा. चिवडा. अशी छोटी अक्षरं ओळखायची सवय लावून घ्या, त्यांच्यावर निम्मी जोडकामं चालतात: पत्त्यातले मु. पो. ता. जि., पत्रिकेतले चि. आणि सौ., सा-रे-ग-म-प-ध-नी हे सूर, रुपयांचा रु. त्या सुरांवरचा एक: पहिल्या सुरानंतर चांदणी, कंदी पेढ्यांचं गाव (३). सा अधिक तारा. पेढ्यांवरून आधीच ओळखलं असेल तर ठीक, पण हिशोब लावा.

आणि सगळ्यात बेमालूम लपणारं एक अक्षर आहे, ते वेगळं सांगते. हा क्लू बघा:

आईची बहीण, आणि माशीच्या पोटात (३)

उत्तर सगळ्यांना लगेच येतं, मावशी. हिशोब मात्र दहातल्या आठांना लागत नाही. माशी आहे, पोटात आहे, पण पोटात काय आहे? लोक विचारतात "माशीच्या पोटात व कुठून आला?" अहो, 'आणि' म्हणजेच 'व'! माशीच्या पोटात व. मा-व-शी. 'आणि' हा शब्द आपण वाचतच नाही, डोळा त्याच्यावरून घसरून पुढे जातो, आणि नेमका तिथे माल ठेवलेला असतो. म्हणून म्हणते, उत्तर आलं तरी थांबा. मावशी लिहून पुढे गेलात तर चौकोन भरले पण क्लू सुटला नाही.

डोकं-शेपूट छाटण्याचा प्रकार: बटाट्याचं डोकं उडवून निरोप (२). ब गेला, टाटा राहिला. याच्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

दुहेरी अर्थ, आपला जुना श्लेष: सरकारला द्यावा लागतो तो हात (२). खूण नाही, माल नाही, नुसत्या दोन डेफिनिशन शेजारी शेजारी. 'सरकारला द्यावा लागतो तो' म्हणजे कर, 'हात' म्हणजे कर. मराठीत हा प्रकार खाणीसारखा आहे, पान, मान, माळ, वाट, जितकं खणाल तितकं निघतं. एक गंमत, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचं भांडं, लिहायला एकच पण ज दोन वेगळे. कागदावर चालतं. उच्चारावरच्या क्लूमध्ये मात्र याच दोन ज-च मुळे गडबड होते, आणि एरवी आपण बोलतो तसंच लिहितो त्यामुळे मराठीत 'ऐकू येतं' प्रकारचे क्लू थोडेच बनतात, दीन-दिन, सुत-सूत असे. इंग्रजीवाल्यांची तिथे चंगळ आहे.

हे आलं कुठून

शब्दकोडं मूळ अमेरिकेतलं, आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात छापलं ते पहिलं धरतात. त्यात हा वाकडेपणा घातला ब्रिटिशांनी. १९२६ पासून लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी यायला लागली, आणि टॉर्केमाडा कोण तर स्पेनमध्ये लोकांचा छळ करणारा धर्मन्यायाधीश! पुढे त्याच गादीवर झिमेनीझ आला, तोही असाच एक न्यायाधीश, आणि १९७२ पासून अझेड, ते डेझा नावाच्या न्यायाधीशाचं नाव रोमन लिपीत उलटं केलेलं. म्हणजे टोपणनावसुद्धा एक क्लू. छळ करणार हे नावातच सांगून टाकलेलं, प्रामाणिक लोक.

आफ्रिट नावाच्या कोडेकाराने १९४९ साली एक नियम सांगितला, तो मला क्लू तपासताना रोज लागतो. माझ्या शब्दांत सांगायचा तर: मी जे बोलतोय तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी नक्की बोललेलं असलं पाहिजे. फसवायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही. झिमेनीझने यावरच काटेकोर नियम बसवले. उलट बाजूला गार्डियनचा अराउकारिया, खऱ्या आयुष्यात पाद्री, तो हे नियम ढिले सोडायचा आणि लोक त्याच्यावर जीव टाकायचे. जानेवारी २०१३ मध्ये, नव्वदी ओलांडलेली असताना, आपल्याला कॅन्सर झालाय हे त्याने आपल्या कोड्यातूनच वाचकांना कळवलं.

आणि हे सगळं परकं आहे असं नाही हं. मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण आहे, ओठ न जुळवता म्हणायचं, म्हणजे प फ ब भ म काहीच नाही, म्हणजे रामायण आणि त्यात 'राम' हा शब्दच घालता येत नाही! ज्या भाषेत अठराव्या शतकात कोणी हे करून बसलंय तिला क्रिप्टिक काय जड जाणार.

आता खोट काढायची

क्लू चांगला की वाईट हे 'मला आवडला', 'मला जमला नाही' यावर ठरत नाही. मी चार गोष्टी बघते, क्रमाने.

एक, काही शब्द फुकट बसलेत का. माझाच जुना क्लू: एक मळका शर्ट लपवतोय फूल (३). ए-क-म-ळ-का, मधे कमळ. आता हिशोब करा. 'एक मळका' माल, 'लपवतोय' खूण, 'फूल' अर्थ. आणि शर्ट? शर्ट खुंटीवर. त्यातलं एकही अक्षर उत्तराला लागत नाही, तो नुसता वाक्य नीट दिसावं म्हणून आणलाय. ढिल्या पंथाचे म्हणतील चालतंय की, मला आता ते खुपतं. दुरुस्ती काय? 'एक मळकटलेलं, आत फूल (३)'. शर्ट गेला, शब्द कमी झाले आणि बघा, वाक्यसुद्धा सुधारलं, आता ते एखाद्या मळक्या पोराबद्दल वाटतं. फालतू शब्द काढला की बहुतेक वेळा असंच होतं.

दोन, डेफिनिशन उत्तराच्या जागी बसते का. 'दीन उलटला, वाहते (२)'. दी-न उलटं न-दी, अक्षरं चोख. पण 'वाहते' हे क्रियापद आणि नदी हे नाम, एकाच्या जागी दुसरं ठेवून वाक्य बोलून बघा, 'गावाजवळून वाहते आहे', छे. 'वाहते ती' केलं तर बसतं. बरं 'दीन उलटला, कोयना (२)' केलं तर? कोयना ही नदी आहे पण नदी म्हणजे कोयना नाही, उदाहरण देताय तर तसं सांगा: 'दीन उलटला की कोयना, समजा (२)'. त्या 'समजा'ने क्लू प्रामाणिक झाला. लिंग-वचनही बघा, अर्थ अनेकवचनी दिला असेल तर उत्तर नद्या हवं, नदी नाही.

तीन, माल समोर ठेवलाय का. 'कमल मोडलं की लेखणी (३)', क, म, ल मोडा, कलम. छान. आता हाच असा लिहिला: 'फूल मोडलं की लेखणी (३)'. म्हणजे मी आधी सतराशेसाठ फुलांतलं एक ओळखायचं आणि मग त्याची अक्षरं मोडायची? हा अन्याय आहे. उलथापालथ करायची तर अक्षरं डोळ्यासमोर पाहिजेत. समानार्थी शब्द *आणि* उलथापालथ दोन्ही एकदम नाही, या बाबतीत ढिले-काटेकोर बहुतेक सगळे एकमत आहेत. उलट्याच्या प्रकारात मात्र समानार्थी चालतो, कारण उलटं करायची रीत एकच असते.

चार, खूण कोणाला लागतेय. इथे मराठीत एक मजा आहे जी इंग्रजीत नाही. खूण दोन शब्दांच्या मधे आली की घोळ होतो, उलटायचं कोणाला, अलीकडच्याला की पलीकडच्याला? इंग्रजीत अशा वेळी आडव्या-उभ्याची अक्षरं आल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे लिंग मदतीला येतं. 'गायिका उलटली ठेका (२)' आणि 'गायिका उलटला ठेका (२)'. पहिल्यात उलटली ती गायिका, म्हणजे लता उलटी, उत्तर ताल. दुसऱ्यात उलटला तो ठेका, म्हणजे ताल उलटा, उत्तर लता. एका वेलांटी-कान्याने अख्खं उत्तर फिरलं! कोडेकाराने हे पाळलं नसेल तर खुशाल पकडा, आणि सोडवताना तर आधी हेच बघा, क्रियापद स्त्रीलिंगी आहे तर कर्ता कोण, अर्धं काम तिथेच होतं.

विभक्तीमुळेही असाच एक पेच पडतो. 'बटाट्याचं डोकं' मध्ये मी माल बटाटा धरला, बटाट्या नाही. डोकं 'बटाटा' या शब्दाचं उडवायचंय हे कळतं म्हणून चालतं. पण लपवलेल्या प्रकारात किंवा अ‍ॅनाग्राममध्ये जसं छापलंय तसंच घ्यायचं, तिथे 'घोड्याने' लिहून 'घोडा'ची अक्षरं वापरता येत नाहीत. यावर लोक भांडतात, भांडू देत.

वाक्याचा पृष्ठभाग, सरफेस, मी सगळ्यात शेवटी बघते. हिशोब चोख आणि वाक्य भंगार, हे मी सहन करते. वाक्य सुंदर आणि हिशोब लंगडा, हे नाही.

दुसऱ्याच्या क्लूवर बोलताना आधी तुम्हाला लागलेला हिशोब पूर्ण लिहा आणि मग हरकत घ्या. कारण दहातल्या तीन वेळा तुमचाच 'आणि' निसटलेला असतो. मी एकदा एका कोडेकाराला "यात एक शब्द जास्त आहे" असं ठणकावून सांगितलं होतं आणि त्याने फक्त "तो शब्द मोठ्याने म्हणा" एवढंच कळवलं. म्हटला. गप्प बसले. हरकत खरी असेल तर सोबत छोट्यात छोटी दुरुस्ती सुचवा, एखादा शब्द बदलून होईल अशी. अख्खा नवीन क्लू लिहून देऊ नका, लोकांना आवडत नाही.

एक मोठा प्रकार राहिला

कधीकधी डेफिनिशन वेगळी सापडतच नाही. पहिला शब्द घेऊन बघितला, शेवटचा घेऊन बघितला, काही नाही. तेव्हा शंका घ्या की अख्खा क्लूच डेफिनिशन आहे आणि अख्खा क्लूच अक्षरांचा खेळही आहे. हे क्वचित जमतं, वर्षात एखादं जमलं तरी कोडेकार खूश असतो.

सदा राम घोळवणारे (४)

माल 'सदा राम', चार अक्षरं, स-दा-रा-म. घोळवा. रा-म-दा-स. आणि आता परत पूर्ण वाचा, सदा राम घोळवणारे, जिभेवर सतत राम घोळवणारे कोण? तेच. एकही शब्द उरला नाही आणि एकही शब्द एकच काम करत नाहीये. अक्षरं तशी पडली होती ही नशिबाची गोष्ट, माझं श्रेय फक्त 'घोळवणारे'चं, त्याआधी दोन दिवस मी 'जपणारे' घेऊन बसले होते आणि जपण्यात अक्षरं हलत नाहीत हे मला दिसत होतं पण सोडवत नव्हतं.

शीर्षक

दाण्याचं कोडं (२). दुहेरी अर्थ. शेंगदाण्याचं असतं ते कूट, आणि कोडं म्हणजेही कूट, व्यासांनी गणपतीचा वेग कमी करायला मधे मधे घातले म्हणतात त्या कूटश्लोकांमधलं. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्हीचा ऊ दीर्घ, वाक्यही बरं वाचलं जातं.

खोट सापडली का? 'कोडं' ठीक आहे, नामाला नाम. पण 'दाण्याचं' म्हणजे कूट होत नाही. दाण्याचं तेल असतं, दाण्याची चटणी असते, 'दाण्याचं' हे नुसतं विशेषणासारखं लोंबकळतंय, वर मी 'वाहते'ला हाकललं तर याला कसं ठेवू. तर मग हा घ्या: खिचडीत पडतं ते कोडं (२). 'खिचडीत पडतं ते' कूट, 'कोडं' कूट. शीर्षक मात्र मी तसंच ठेवलंय, खिचडी म्हटलं असतं तर उपासवाल्यांनी पहिल्याच ओळीत सोडवलं असतं.